बसलेला हात आणि सरकते नियम

१९२५ च्या जूनमध्ये फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम बदलला. त्याआधी चेंडू पुढे दिला जाताना तो घेणाऱ्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. आता दोन पुरेसे झाले. बदल एवढाच. पण इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत आदल्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, ते पुढच्या हंगामात १,७०३ वर गेले. सामने मात्र तेवढेच, ४६२. योग्य क्षणी दोन पावले पुढे सरकून समोरच्या अख्ख्या आघाडीला ऑफसाइडमध्ये अडकवायची विद्या न्यूकॅसलच्या बिल मॅकक्रॅकनसारख्या बचावपटूंनी वर्षानुवर्षे घोटून तयार केली होती. ती एका उन्हाळ्यात बरीचशी निकामी झाली. गोल वाढावेत, प्रेक्षक परत यावेत हा हेतू त्या बदलामागे होताच, त्यामुळे तो अगदी निर्मळ क्रीडाप्रेमातून झाला असे समजायचे कारण नाही. तरीही आपल्याला फसवले असे म्हणायला कुणा बचावपटूला जागा नव्हती. प्रस्ताव स्कॉटलंडच्या संघटनेने उघडपणे मांडला, नियममंडळाने तो मंजूर केला, हंगाम सुरू होण्याआधी तो सगळ्यांना कळला आणि सगळ्यांना सारखा लागू झाला. हर्बर्ट चॅपमनने आर्सेनलमध्ये मधला हाफबॅक मागे ओढून नवी रचना उभी केली आणि खेळ पुढे गेला.

फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचा इतिहास सांगताना या गोष्टीपासून सुरुवात करण्याचे कारण आहे. फिफा आणि प्रो इव्होल्यूशन सॉकर या दोन मालिका खेळणारे लोक गेली तीसेक वर्षे दरसाल चिडत आले आहेत. पास हळू झाला, हेडर लागेनासा झाला, बचावपटू आपोआप धावेनासा झाला, गोलकीपर अचानक हुशार झाला. बाहेरून पाहणाऱ्याला हा सगळा रडीचा डाव वाटतो: हरलेल्याने बॅट नाहीतर पीच दोषी ठरवावे तसा. माझे म्हणणे वेगळे आहे. या रागाचा इतिहास नीट पाहिला तर त्यात एक स्पष्ट वळण दिसते. वळणाच्या अलीकडे खेळणारा बदलावर चिडत होता, आणि ते चिडणे बहुधा काही महिन्यांत विरत होते. पलीकडे तो चिडतो आहे ते बदल कोण करतो, कधी करतो आणि कशासाठी करतो यावर. ही दुसरी तक्रार रास्त आहे, आणि पहिलीच्या जुन्या सवयीमुळे ती ऐकून घेतली जात नाही.

सुरुवातीच्या काळात बदल नाकारता येत असे, हे आज सहज विसरले जाते. १९८९ साली डिनो डिनी या प्रोग्रामरने अँको या ब्रिटिश कंपनीसाठी 'किक ऑफ' तयार केला. त्यात चेंडू खेळाडूच्या पायाला डिंकाने चिकटवल्यासारखा राहत नसे. वळताना जरा घाई केली की तो सरळ पुढे निघून जाई. सुरुवातीला वैताग यायचा, पण हात बसला की दुसरा कुठलाही फुटबॉल गेम बेचव लागे. १९९० चा 'किक ऑफ २' याच घाटाचा होता. १९९४ मध्ये 'किक ऑफ ३' आला तेव्हा डिनी त्यात नव्हता, वरून दिसणारे मैदान जाऊन बाजूने दिसणारे आले होते आणि जुनी चव गेली होती. चाहत्यांनी काय केले? नवा गेम बाजूला ठेवला आणि जुना खेळत राहिले. त्यांची संघटना २००१ पासून 'किक ऑफ २' ची विश्वचषक स्पर्धा भरवत आली आहे. कंपनीने नियम बदलले, पण जुन्या नियमांची फ्लॉपी ज्याच्या घरात होती त्याच्यावर त्या बदलाची सत्ता चालली नाही.

ईए या कंपनीच्या फिफा मालिकेतला पहिला गेम, 'फिफा इंटरनॅशनल सॉकर', १९९३ च्या डिसेंबरमध्ये सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आला. त्यातली एक खोड पुढे प्रसिद्ध झाली. गोलकीपर चेंडू लाथाडणार इतक्यात आपला खेळाडू त्याच्या अगदी पुढ्यात नेऊन उभा करायचा. चेंडू त्याच्या अंगावर आपटून उलटा गोलमध्ये जायचा. कार्ट्रिजमधला कोड घरी पोहोचल्यावर कुणी दुरुस्त करू शकत नव्हते. इलाज एकच: खेळणाऱ्यांनी आपसांत ठरवायचे की असला गोल धरायचा नाही. म्हणजे त्या काळी खेळाचे अंतिम कायदे सोफ्यावर बसलेले दोघे जण करत होते. ही व्यवस्था ओबडधोबड होती, भांडणे होत असणार, पण तिच्यात एक गोष्ट पक्की होती. जानेवारीत शिकलेली युक्ती मार्चमध्येही तशीच चालणार होती.

जपानमध्ये कोनामीच्या टोकियोतल्या स्टुडिओत शिंगो ताकात्सुका, चाहत्यांचा 'सीबास', विनिंग इलेव्हन घडवत होता. युरोपात आणि आपल्याकडे तीच मालिका २००१ पासून प्रो इव्होल्यूशन सॉकर, पेस, म्हणून पोहोचली. कोनामीकडे परवाने फार थोडे होते. मँचेस्टर युनायटेडच्या जागी 'मॅन रेड', लिव्हरपूलच्या जागी 'मर्सीसाइड रेड' अशी नावे लावून लोक खेळत, आणि खुशाल खेळत. फिफाकडे खरी नावे, खरी बोधचिन्हे होती, तरी निम्मे जग खोट्या नावांचा गेम डोक्यावर घेऊन नाचत होते, कारण पेसमध्ये चेंडूला वजन होते आणि पासाला बेत लागत होता. 'पेस ६' मध्ये ॲड्रियानोच्या डाव्या पायात चेंडू आला की समोरच्याच्या पोटात गोळा येई. समतोलाच्या दृष्टीने हा उघड दोष होता, पण तो सगळ्यांना ठाऊक असलेला, न बदलणारा दोष होता. मग २००७ मध्ये नव्या कन्सोलांसाठी 'पेस २००८' आला. तो घाईचा, उथळ वाटला, प्लेस्टेशन ३ वर अडखळत चालला, आणि लोक नाराज झाले. काही फिफाकडे गेले, काही 'पेस ६' कडे परतले, आणि त्यांच्यातले हौशी लोक नवे संघ, नवे गणवेश घालून तो जुना गेम अजून चालवतात. आपल्याकडे याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण फुटबॉलचे नाहीच, क्रिकेटचे आहे. ईएने 'क्रिकेट ०७' २००६ च्या नोव्हेंबरमध्ये काढला आणि त्यानंतर क्रिकेटचा नाद सोडला. आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये. तरी मुंबई इंडियन्सपासून सगळे संघ त्या गेममध्ये आहेत, कारण पोरांनी ते घातले. कंपनीने पाठ फिरवलेल्या गेममध्ये शिकलेला कव्हर ड्राइव्ह पंधरा वर्षांनीही चालतो.

बदलाला खेळणारे मुळातच विरोध करतात, या आक्षेपाची खरी कसोटी २०११ च्या 'फिफा १२' मध्ये लागते, म्हणून तिथे जरा थांबायला हवे. त्याआधी बचाव करणे म्हणजे एक बटण दाबून धरणे. ते धरले की आपला बचावपटू चेंडूवाल्याच्या मागे आपणहून धावे आणि जवळ पोहोचला की चेंडू हिसकावून घेई. दुसऱ्या बटणावर आणखी एक साथीदार मदतीला येई. अंगठा बटणावर दाबून ठेवायचा आणि वाट बघायची. 'फिफा १२' ने नेहमीच्या पद्धतीतून ही सोयच काढून टाकली. आता ते बटण दाबले तर बचावपटू समोरच्यापासून काही अंतर राखून नुसता पाठलाग करायचा. पाय कधी घालायचा ते तुम्ही ठरवायचे, वेगळ्या बटणाने. क्षणभर लवकर घातला की समोरचा तुम्हाला ओलांडून गेलाच. वर्षानुवर्षे फिफा खेळलेले लोक पहिल्या आठवड्यात पाच-पाच गोल खाऊ लागले. ओरडा झाला. भर म्हणून त्याच वर्षी आलेल्या टकरींच्या नव्या तंत्रामुळे खेळाडू एकमेकांत असे गुंतून पडत की मैदानात प्रेमप्रसंग चालू असल्याचा भास व्हावा. त्या चित्रफिती जगभर फिरल्या. पण वर्षभरात बहुतेकांचा हात नव्या पद्धतीवर बसला, आणि आज जुनी बटणदाबू पद्धत परत आणा म्हणणारे फारच थोडे. हा बदल पचला कसा? गेम म्हणून तो उत्तम होता हे एक. पण १९२५ च्या नियमबदलाशी त्याचे साम्यही बघण्यासारखे आहे. तो आधी जाहीर झाला होता, नव्या आवृत्तीबरोबर हंगामाच्या तोंडावर आला, त्यात नेमके काय बदलले हे पहिल्याच सामन्यात कळत होते, ज्याला अगदीच नको त्याच्यासाठी जुनी पद्धत सेटिंगमध्ये शिल्लक ठेवली होती, आणि मित्राबरोबर 'फिफा ११' लावायला कुणाची आडकाठी नव्हती. खेळणारे बदलाला नाही म्हणतात हा आरोप इथे टिकत नाही. एवढा मोठा बदल त्यांनी कुरकुरत का होईना, स्वीकारला.

वळण आले ते दोन गोष्टी एकत्र झाल्यावर. एक म्हणजे इंटरनेटवरून येणारा पॅच, विकून झालेल्या गेममध्ये नंतर केलेला बदल. दुसरी म्हणजे अल्टिमेट टीम. २००९ च्या मार्चमध्ये 'फिफा ०९' साठी ही पद्धत विकतची जोड म्हणून आली: खेळाडूंची कार्डे जमवायची, बंद पाकिटातून नशिबाने मिळवायची किंवा बाजारात घ्यायची, आणि त्यांचा संघ करून ऑनलाइन खेळायचे. पाकीट खेळून मिळवलेल्या नाण्यांनी घेता येते, तसे खऱ्या पैशांनीही. पुढच्या दहा-बारा वर्षांत ही जोड मूळ गेमपेक्षा मोठी झाली. ईएच्या स्वतःच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२१ च्या आर्थिक वर्षात फिफा, मॅडन आणि आइस हॉकी या मालिकांतल्या अल्टिमेट टीममधून १.६२ अब्ज डॉलर आले, कंपनीच्या एकूण उत्पन्नाच्या २९ टक्के. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की पुढच्या तक्रारींचा सूर का बदलला ते उमगते. नियम करणारी संस्था आता त्याच नियमांवर किंमत ठरणारा माल विकत होती.

२०१७ च्या सप्टेंबरअखेर 'फिफा १८' बाजारात आला. गोल भरपूर होत होते, वेग होता, आणि पहिले काही दिवस लोक खूश होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पहिला मोठा पॅच आला: फटक्यांची अचूकता कमी केली, गोलकीपरची प्रतिक्रिया सुधारली. घेतलेला गेम दोन आठवड्यांत वेगळा झाला, आणि तो पूर्ववत करण्याची सोय नव्हती. ऑनलाइन खेळायचे तर पॅच घ्यावाच लागतो. त्यात बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो ही ऑनलाइन सामन्यांची जुनी तक्रार होतीच. नोव्हेंबरमध्ये 'फिक्स फिफा' या हॅशटॅगखाली लोकांनी ब्लॅक फ्रायडेच्या सवलतीत पाकिटांवर पैसे न घालवण्याचे आवाहन केले. या आवाहनाची जागा बघा. 'किक ऑफ ३' न आवडणाऱ्याने जुना गेम लावला होता. 'फिफा १८' न आवडणाऱ्याला ऑनलाइन जुना 'फिफा १८' लावताच येत नव्हता, म्हणून त्याने हात घातला तो थेट कंपनीच्या गल्ल्याला. ग्राहकाला दुसरे काही हत्यार उरले नव्हते.

पुढच्या वर्षी हाच प्रकार अधिक नेमकेपणाने दिसतो. 'फिफा १९' मध्ये फटक्यासाठी दोनदा बटण दाबण्याची पद्धत आली. पहिल्या दाबाने ताकद ठरते. पाय चेंडूला लागतो त्या क्षणी दुसरा दाब बरोबर पडला तर खेळाडूच्या डोक्यावरची खूण हिरवी होते आणि फटका नेमका जातो, चुकला तर लाल होऊन चेंडू प्रेक्षकांत. ही शिकण्याजोगी, कष्टाने येणारी गोष्ट होती. हे तंत्र लोकांनी सरावाच्या मैदानात तासन्‌तास घोटले. लांबून अवघड फटके फार सहज जाऊ लागले तेव्हा पॅचने हिरव्या क्षणाची फट आणखी अरुंद केली. खेळाच्या दृष्टीने निर्णय बहुधा बरोबरच होता. पण ज्याचा अंगठा त्या जुन्या फटीवर बसला होता त्याची मेहनत हंगामाच्या मध्यात वाया गेली.

'फिफा २३' मध्ये मेहनतीबरोबर पैसाही वाया गेला. त्या आवृत्तीत धावण्याचे तीन प्रकार केले होते. काही खेळाडू पहिल्या दोन पावलांत सुसाट, काही मध्यम, आणि काही 'लेंग्थी': निघायला सावकाश, पण लांब पल्ल्यात आवरेनासे. प्रकार ठरे तो उंची, ताकद, चपळाई असल्या आकड्यांवरून. प्रत्यक्षात असे झाले की उंचेपुरे, कागदावर धिमे असलेले बचावपटू चपळ विंगरला गाठून मागे टाकू लागले. मैदानावर हसू यावे असे दृश्य. बाजारात मात्र लेंग्थी खेळाडूंची कार्डे वधारली, आपला खेळाडू लेंग्थी कसा करायचा याची गणिते मांडली गेली, आणि त्यावर नाणी व पैसे खर्च झाले. मग पॅच आला आणि लेंग्थीची धार बोथट केली. कालचे महागडे कार्ड आज साधे झाले. कंपनीने मुद्दाम आधी फुगवले आणि मग फोडले असे म्हणायला पुरावा नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. पण मुद्दाम केले की नाही हा प्रश्न पडावा अशी रचना उभी करणे हाच मुळात दोष आहे. पंचाने सट्टा लावला नसेल. सट्ट्याच्या दुकानाची मालकी त्याच्याकडे असणेच पुरेसे वाईट.

संशयाचे हे वातावरण किती दाट झाले याचा पुरावा 'स्क्रिप्टिंग'च्या समजुतीत सापडतो. आपण दोन गोलांनी पुढे असलो की आपले खेळाडू जड होतात, समोरच्याचा चेंडू खांबाला लागून आत जातो, म्हणजे गेमच निकाल ठरवतो, असे मानणारे लाखो असतील. खेळणाऱ्याला पाहून अवघडपणा आपोआप कमीजास्त करण्याच्या तंत्राचा पेटंट अर्ज ईएने २०१६ मध्ये केला होता, त्याने या समजुतीला खतपाणी मिळाले. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात यावरून दावा दाखल झाला. फिफात असे काही वापरलेले नाही असे कंपनीने ठामपणे सांगितले, वादींना तांत्रिक माहिती पुरवली, आणि दावा २०२१ च्या सुरुवातीला मागे घेतला गेला. तरीही समजूत गेली नाही. जिथे नियम बंद कपाटात असतात आणि दर थोड्या आठवड्यांनी बदलतात, तिथे हरणारा कपाटाकडे बोट दाखवणारच; खऱ्या फुटबॉलचे नियमपुस्तक कुणालाही उघडून वाचता येते, आणि ते बदलायला नियममंडळातल्या आठपैकी सहा मते लागतात.

आता आक्षेपांकडे. सर्वात वजनदार आक्षेप असा की पॅच नसता तर हे गेम खेळण्यालायक राहिले नसते. ऑनलाइन जगात एकाला सापडलेली पळवाट दोन दिवसांत सगळ्यांना कळते आणि मग प्रत्येक सामना त्याच एका युक्तीचा होतो. सोफ्यावर बसून 'असला गोल धरायचा नाही' म्हणायला समोरचा माणूस अनोळखी असतो, दुसऱ्या खंडात असतो. हे मला मान्य आहे. १९९३ ची गोलकीपरची खोड आज असती तर ती तातडीने दुरुस्त व्हायलाच हवी. पण खोड दुरुस्त करणे आणि खेळाचा स्वभाव बदलणे यांत फरक आहे. फटक्यांची सरसकट अचूकता, धावण्याचा वेग, बचावाची आपोआप होणारी मदत हे खेळाचे कायदे आहेत. ते हंगामाच्या मध्यात बदलले की स्पर्धा करणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडेही लागू पडतो. इंडियन सुपर लीगने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये 'फिफा २२' वर ई-आयएसएल सुरू केली. मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांच्यासारख्या क्लबांसाठी पोरे कंट्रोलर घेऊन बसली. अशा स्पर्धेत उतरणाऱ्याचा सराव हेच त्याचे भांडवल. खऱ्या मैदानावरच्या मुंबई सिटीला कुणी जानेवारीत सांगत नाही की उद्यापासून गोलपोस्ट जरा लहान.

दुसरा आक्षेप: खेळणाऱ्यांच्या मागण्याच परस्परविरोधी आहेत. हे शंभर टक्के खरे आहे. एकाला टीव्हीवर दिसतो तसा संथ, चुकांनी भरलेला फुटबॉल हवा. दुसऱ्याला बटण दाबताच हलणारा, वेगवान, निकाल आपल्या हाती ठेवणारा गेम हवा. २०१९ मध्ये 'फिफा २०' आला तेव्हा एकट्याने करिअर मोड खेळणाऱ्यांनी 'फिक्स करिअर मोड'चा धोशा लावला, कारण संगणकाच्या हातचे मोठे क्लब महत्त्वाच्या सामन्यांत राखीव पोरे उतरवत होते. या माणसाला ऑनलाइन स्पर्धेचे काही देणेघेणे नव्हते. आणि गंमत अशी की ऑनलाइनवाल्यांसाठी केलेला पॅच त्याच्याही घरात शिरत होता. डिस्क घेतलेली असेल तर पॅच पुसून, नेट तोडून जुन्या रूपात खेळण्याची खटपट करता येते. डाउनलोड करून घेतलेल्याला तेवढीही मुभा नाही. मागण्या विसंगत आहेत म्हणून कंपनीने मधला मार्ग काढला, हे समर्थन मग लंगडे पडते. दोन भिन्न गिऱ्हाइकांना दोन वेगळे गेम देता येत होते. एकच गेम, एकच पॅच ही कंपनीची सोय होती.

तिसरा आक्षेप बाजाराचा: आवडत नाही तर घेऊ नका. दोन मालिका तुल्यबळ होत्या तोवर हे उत्तर चालत होते. 'पेस २००८' वर रुसलेला फिफाकडे जाऊ शकत होता. २०२१ च्या ३० सप्टेंबरला कोनामीने पेस हे नाव मोडीत काढून 'ईफुटबॉल २०२२' हा फुकटचा गेम नव्या इंजिनवर आणला आणि हा दरवाजाही बंद झाला. अर्धवट भाजलेला, मोजून नऊ क्लबांचा, मेस्सी आणि रोनाल्डोचे चेहरे पाहून दचकायला व्हावे असा तो गेम स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात तोपर्यंतच्या सर्वांत वाईट शेऱ्यांचा मानकरी ठरला. कोनामीने दोन दिवसांत माफी मागितली, सुधारलेली १.० आवृत्ती यायला २०२२ चा एप्रिल उजाडला. कन्सोलवाल्यांकडे निदान 'पेस २०२१' उरला होता. फोनवर खेळणाऱ्यांचे, म्हणजे भारतातल्या बहुसंख्यांचे, तेही गेले: २०२२ च्या जूनमध्ये 'पेस २०२१ मोबाइल' अपडेट होऊन त्याच जागी ईफुटबॉल उभा राहिला. जुना गेम न विचारता फोनमधून नाहीसा झाला. ईएनेही २०२३ मध्ये फिफा संघटनेशी फारकत झाल्यावर जुन्या फिफा आवृत्त्या डिजिटल दुकानांतून उतरवल्या. न घेण्याचे स्वातंत्र्य राहिले. जुने राखण्याचे गेले. मालिका अशी फक्त पुढे जाते तेव्हा 'बाजारात उत्तर द्या' हा सल्ला पोकळ असतो.

तरी बाजाराने शेवटी उत्तर दिलेच, उशिरा. २०२५ च्या जानेवारीत ईएने आपला वार्षिक अंदाज खाली आणला आणि कारणांत, फारकतीनंतर एफसी नावाने निघणाऱ्या त्याच मालिकेतल्या 'एफसी २५' च्या अपेक्षेपेक्षा कमी कामगिरीचा उल्लेख केला. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे १७ टक्क्यांनी घसरला. घसरणीला केवळ गेमचा स्वभाव जबाबदार होता असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण त्याच अंदाजात दुसऱ्या एका मोठ्या गेमच्या अपयशाचाही वाटा होता. पण त्याच महिन्यात कंपनीने 'एफसी २५' चा खेळ मोठ्या प्रमाणावर फेरफार करून दिला, आणि सप्टेंबरमध्ये आलेल्या 'एफसी २६' मध्ये जे केले ते या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात बोलके आहे. खेळाचे दोन साचे वेगळे केले: ऑनलाइन अल्टिमेट टीम आणि क्लब्जसाठी 'कॉम्पिटिटिव्ह', एकट्याने करिअर खेळणाऱ्यासाठी 'ऑथेंटिक'. खेळणाऱ्यांचे ऐकून हे केले, असे जाहिरातीतही सांगितले. परस्परविरोधी मागण्यांमुळे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते एका आवृत्तीत शक्य झाले. म्हणजे इतकी वर्षे चिडणारे लोक निदान या एका मुद्द्यावर चुकीचे नव्हते.

पण हा निम्माच न्याय आहे. दोन साचे झाले तरी दोन्ही कधीही बदलण्याचा अधिकार कंपनीकडेच राहिला, आणि पाकिटे विकणारा व नियम ठरवणारा अजून एकच आहे. मागणी अवघड नाही. हंगाम सुरू झाल्यावर फक्त खोडी दुरुस्त कराव्यात, खेळाचा स्वभाव पुढच्या आवृत्तीपर्यंत हलवू नये. बदललेले आकडे शब्दांच्या धुक्यात न गुंडाळता छापावेत. आणि पैसे घेऊन विकलेली प्रत्येक आवृत्ती, विकली त्या दिवशी होती तशी, निदान घरी मित्राबरोबर खेळता येईल अशी ठेवावी. 'किक ऑफ २' वाल्यांना यातले शेवटचे १९९० मध्येच मिळाले होते, तेही न मागता.